पाचवा टाक

११ नोव्हेंबर १९५६, घाटंजी
नागपूरला बाबांच्या हातून दीक्षा घेतली त्याला महिना होत आला, आज वस्तीतले देव निघाले. दगडाचे नदीत, लाकडाचे चुलीत, धातूचे टोपल्यात. कमिटीचा ठराव, आणि ठराव लिहिलेला माझा: ज्याच्या घरी देव सापडेल त्याच्या घरी वस्तीचा पाय नाही, मयतीलाही नाही. दादारावनं दोनदा वाचून घेतला. दादाराव कमिटीचा अध्यक्ष, बोलायला लागला की आवरत नाही, पण आज माझंच कौतुक करत होता.
सुरुवात आपल्या घरापासून केली. मायच्या देव्हाऱ्यात पाच टाक. अंगठ्याएवढे पितळेचे पत्रे, त्यावर ठोकून उठवलेले देव. मरीमायच्या टाकाचा कोपरा वाकलेला आहे. लहानपणी मीच दगडानं ठोकला होता आणि मार खाल्ला होता. माय म्हणाली, "सासूनं हातात देलते." मी म्हटलं, या देवांनी तुझ्या सासूला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं का? तिनं मूठ आवळली. बोटं उघडून घ्यावे लागले.
टोपलं नामानं डोक्यावर घेतलं. नामा माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा, अर्धं बोलतो अर्धं गिळतो. करीमचाचाकडे पोचवून आला. करीमचाचा बाजारात बैलांच्या घंट्या, घुंगरं ओततो. सगळे देव वितळवून एक लगड करायची, पुढं तिचाच बुद्ध.

१२ नोव्हेंबर
यादी घेऊन करीमचाचाकडे गेलो. आमच्या घरचे टाक चार. पाचवा नाही. मरीमायचा नाही.
डोकं फिरलं. ज्यानं ठराव लिहिला त्याच्याच घरी चोरी. घरी येऊन मायची पेटी अंगणात उपसली. दोन लुगडी, बाबूजींचा फेटा, बाळंतपणात गेलेल्या माझ्या बायकोच्या बांगड्या. दादाराव आणि आणखी दोघं दारात उभे. माय म्हणाली, "मले नाही माहीत." मी सगळ्यांसमोर म्हटलं, खोटारडी आहेस तू.
टाक मिळाला नाही. नामा खांबाला टेकून नखं खात होता. त्यालाही शिव्या दिल्या, मदत करत नाही म्हणून.

७ डिसेंबर
बाबा गेले. बातमी खरी. वस्तीत चूल नाही. सगळ्यात जास्त माय रडली. माझ्याशी अजून बोलत नाही, जेवायला वाढते तेवढंच.

२ जुलै १९५७
नामा पलटणीत लागला. घरात कमी त्रास नाही म्हणून गेला की काय, कोण जाणे. एस.टी.त बसताना मायला लांब कडेला घेऊन काही तरी बोलला. मला फक्त, "दादा, येतो."

(यानंतरची वही उंदरांनी खाल्ली. गेलं ते बरं झालं, शाळेतल्या माझ्या मास्तरकीची रड होती सगळी.)

१४ जानेवारी १९६२
नामा सुट्टीवर आला. आधी पत्र होतं, विहारासाठी बुद्ध आणतो म्हणून. त्यामुळे अख्खी वस्ती अंगणात. बायका नवीन पांढरी लुगडी नेसून. दादारावनं हार आणलेला.
ट्रंकेतून घोंगडी काढली. घोंगडीतून मूर्ती. वीतभर उंच, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. मुकुट, कानात कुंडलं, गळ्यात माळा. आणि मांडीवर बाई. त्याच्याकडे तोंड करून बसलेली, पाय त्याच्या कमरेभोवती, तोंडाला तोंड. त्याचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे, एकमेकांवर.
बायकांनी पदर पुढं ओढले. दादाराव हार हातात घेऊन तसाच उभा. शेवटी म्हणाला, "हे काय हाये नामदेव?"
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच मूर्ती परत घोंगडीत झाकली. माय तेवढी पुढं आली होती, झाकायच्या आधी पाहून घेतलं तिनं.

१५ जाने.
नामाला फैलावर घेतलं. महादेव-पार्वती घरातून काढायला आम्ही जीव काढला आणि तू सरहद्दीवरून तेच घेऊन आलास? तो हसला. पलटणीत राहून हसायला शिकला आहे.
त्याचं म्हणणं असं. तिकडं डोंगरापलीकडचा मुलूख सोडून माणसं उतरून येतात, पाठीवर घर घेऊन. त्यात एक म्हातारा, मूर्ती ओतणारा. पाय थंडीनं सडलेले. नामानं त्याला दोन दिवस पाठीवर वाहून छावणीत आणलं. मोडकीतोडकी हिंदी यायची त्याला. त्यानं आपल्या हातची शेवटची मूर्ती नामाला दिली. तू बुद्धाचा आहेस, म्हणाला, मग ही तुझीच.
"पण बाई कायले?" मी विचारलं.
नामा म्हणाला, "थे नवरा-बायको नाहीत दादा. एकाच माणसाचे दोन हिस्से हायेत. बाई म्हंजे समज. बाप्या म्हंजे कळवळा. त्याच्या एका हातात वज्र हाये, एका हातात घंटा, थे बी तेच. नुसत्या समजेनं माणूस कोरडा पडते, म्हातारा म्हणे."
माझ्याकडे पाहून बोलला की सहज बोलला, कळलं नाही. मुकुटाची पाच टोकं म्हणजे पाच बुद्ध, रागाचा एक, गर्वाचा एक, असं काही तरी. राग टाकायचा नाही, वितळवून त्याचंच ज्ञान करायचं म्हणे. मी म्हटलं, आपल्याला साधा बुद्ध पुरे आहे.

१७ जाने.
नामा मूर्ती करीमचाचाला दाखवायला घेऊन गेला, मीही गेलो. चाचानं हात धुतले, मग हातात घेतली. डोळे मिटून बोटं फिरवली. म्हणाला, "मेणाचं काम हाये मास्तर. आमच्यासारखंच." आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचं लेपन, भट्टीत मेण वाहून जातं, त्या पोकळीत धात. एका साच्यातून एकच. साचा फोडावाच लागतो.
बाई वेगळी ओतली आहे, खुंटीनं मांडीत बसवली आहे. सोनं पाऱ्यात कालवून लावलं, मग पारा आगीवर उडवला. "हे करणारे लवकर मरतात," चाचा म्हणाला, "पाऱ्याचा धूर." सगळ्यात खूष झाला तो घंटी पाहून. ज्वारीच्या दाण्याएवढी, पण आत वाजणारी लोळी आहे. आयुष्यभर घंट्या ओतल्या पण एवढी बारीक नाही ओतली, म्हणाला.
मग मूर्ती उलटी केली. बुडाला तांब्याचा पत्रा, त्यावर आडवं-उभं वज्र कोरलेलं. कडेनं छिन्नीचे बारीक टोचे मारून पत्रा अडकवलेला. चाचानं टोच्यांवरून नख फिरवलं. "हा पत्रा एकदा काढून परत बसवला हाये. जुने टोचे हायेत, नवे बी हायेत." नामानं मूर्ती काढूनच घेतली त्याच्या हातातून.

२१ जाने.
दादारावनं तोड काढली. बाई काढून टाकायची, मुकुट कानशीनं घासायचा, झाला बुद्ध. मला पटलं, खोटं कशाला लिहू. चाचानं बाई अलगद उपसली. मग जे दिसलं ते कोणालाच पाहवेना. रिकामी मांडी, आणि दोन हात हवेला मिठी मारून बसलेले. दादारावच म्हणाला, "बसव लेका, बसव परत."
विहारासाठी वेगळा बुद्ध ओतायचं ठरलं, छप्पन सालच्या लगडीचा. पण चाचा म्हणतो, "चेहरा मी घडवत नाही मास्तर, आमच्यात चालत नाही. मेणाचं तुम्ही करा. माती-धात माही." म्हणजे माझ्या गळ्यात. चित्रकलेत मी शाळेत पहिला होतो हे दादारावच्या लक्षात आहे.

९ फेब्रु.
नामा गेला. जाताना मला बजावलं, "मूर्ती घरीच ठेव. खालचा पत्रा कोणाले उघडू देऊ नको."
"काहून?"
"म्हाताऱ्यानं सांगतलं. उघडली का मेली."
मी म्हटलं, धातू मरत नसतो. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं, पण उघडू नको."
माय एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. राळेगावची एक मुलगी पाहून ठेवली आहे तिनं, दिवाळीनंतर आला की उरकू म्हणते. हे तिनं मला सांगितलं. पाच वर्षांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदा.

१९ ऑगस्ट
मेणाच्या बुद्धाचा चेहरा सहाव्यांदा मोडला. डोळे मिटलेले करायला जातो, झोपलेले होतात. घरातल्या मूर्तीचे डोळे पाहून करतो आता. दोघांचे डोळे अर्धे उघडे आहेत. एकमेकांकडे नाहीत, आत कुठंतरी.

३ डिसेंबर १९६२
तार. सरहद्दीवरच्या लढाईत नामदेव बेपत्ता. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही.
मायला सांगितलं. तिनं विचारलं, बेपत्ता म्हणजे काय. मी म्हटलं, सापडत नाही. ती म्हणाली, "मंग शोधतील ना." मी हो म्हटलं.

२० डिसें.
लढाई थांबून महिना झाला. पलटणीला दोन अर्ज पाठवले, एकाचंही उत्तर नाही. राळेगावहून मुलीच्या बापाचा निरोप, थांबत नाही. बरोबरच आहे त्याचं.

१७ फेब्रुवारी १९६३
आज जे झालं ते लिहितो. दादाराव विहाराच्या कामासाठी घरी आला. मूर्ती कोनाड्यात असते, झाकलेली. माय ती मांडीवर उलटी घेऊन बसली होती. बुडाच्या पत्र्याला हळद-कुंकू. रोजचं असावं, कारण वज्राच्या रेघा भरून गेल्या होत्या.
दादारावनं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आल्या पावली निघून गेला, त्याचंच जास्त वाटलं.
मी मायवर ओरडलो. ती म्हणाली, "नामासाठी करून राह्यले." मी म्हटलं, नामासाठी मी दोन अर्ज केले आहेत. काय मूर्खासारखं बोललो.

१९ फेब्रु.
बैठक. कुंकू लागलं म्हणजे देवच, म्हणून ठरावाची वही काढली. माझंच अक्षर. दादारावनं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, मयतीलाही नाही, इथपर्यंत. पन्नास माणसं खाली बघत होती. कोणाला आनंद झाला नव्हता, एवढं खरं. दादारावलाही नाही.
निर्णय: बुद्धासाठी धात कमी पडते आहेच. ती मूर्ती लगडीबरोबर वितळवावी, म्हणजे घरही शुद्ध आणि मूर्तही पुरी. चाचा दाराबाहेर बसला होता, तो म्हणाला, पितळेत एवढं तांबं घालू नका, धात जड वाहते, बारीक जागी पोचत नाही. त्याचं कोण ऐकतो. मी "मान्य" म्हणून सही केली. नाही म्हटलं असतं तर? उद्या मायला खांदा कोण देणार होतं?

२० फेब्रु.
मायला सांगितलं. तिनं माझे पाय धरले. जन्मात कधी नाही. "नामा येऊ दे. मंग कर तुले काय करायचं थे." मी पाय सोडवून घेतले.

२४ फेब्रु.
माय नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा मूर्ती पिशवीत घातली.
चाचाच्या दुकानात भट्टी पेटलेली. माझ्या मेणाच्या बुद्धाचा साचा भाजून तयार, मेण वाहून गेलेलं. दादाराव आणि दोघं बाहेर बाकावर विडी ओढत. चाचा म्हणाला, आधी पोट उघडलं पाहिजे, आत काय आहे कळल्याशिवाय भट्टीत घालत नाही. छिन्नीनं कुंकू खरवडत टोचे उचलले. पत्रा निघाला. लाकडाचा वास आला, देवळासारखा नाही, जंगलासारखा.
सातूचे दाणे. एक कोरलेली काडी, चिंधीत गुंडाळलेली. घट्ट वळलेला कागद. चाचानं आतल्या आत त्याचं टोक उलगडलं आणि हात मागं घेतला. "लिखेल हाये. लिहिलेलं मी जाळत नाही, कोणाचं बी असो. तुमी काढा."
मी काढला. कागदाच्या मागं, अगदी मस्तकाच्या बाजूला, आणखी काही अडकलं होतं. बोट घालून ओढलं.
मरीमायचा टाक. कोपरा वाकलेला.
बाकावरून दादाराव विचारत होता, काय निघालं. चाचा माझ्याकडे पाहत होता. त्याला सगळं कळलं असावं, छप्पन सालची यादी त्याच्यासमोरच मी वाचली होती.
मी टाक आणि कागद खिशात घातले. म्हणालो, "काही नाही. दाणे हायेत." आणि म्हणालो, "घाला."
चाचानं दोनदा विचारलं. मी दोनदा घाला म्हटलं. आधी लगड, मग बाई, मग तो. सोन्याचा रंग आधी गेला. हात सगळ्यात शेवटी वितळले.

२५ फेब्रु.
साचा फोडला. अंग उत्तम आलं आहे, चिवराच्या घड्या, मांडी, तळवा, सगळं. चेहरा भरला नाही. कपाळाखाली नुसता खड्डा. धात तिथपर्यंत पोचलीच नाही.
दादारावनं खड्ड्यात बोट घालून पाहिलं. चाचा साच्याची माती झाडत राहिला. मी तुम्हाला सांगितलं होतं, एवढं म्हणायचा हक्क होता त्याचा.
मूर्त पोत्यात गुंडाळून दुकानात ठेवली आहे. परत वितळवायची, परत मेण. मी नाही म्हणून सांगितलं नाही, हो म्हणूनही नाही.

२६ फेब्रु.
माय दोन दिवस जेवली नाही. आज टाक तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, तू खोटं बोलली नव्हतीस. तिनं तो पदराला पुसला.
मग तिनं सांगितलं. टोपलं नेताना नामानं उचलला होता. तिला माहीत नव्हतं, तो पलटणीत जाताना एस.टी.पाशी बोलला तेव्हा कळलं. पाच वर्षं तो त्याच्या खिशात होता. म्हाताऱ्यानं मूर्तीत तुझ्या घरचं काही ठेव म्हटलं तेव्हा नामानं हाच दिला, आणि म्हाताऱ्यानं पत्रा काढून आत ठेवून परत बंद केला. सुट्टीत आला तेव्हा तिला दाखवलं, इथं आहे म्हणून. म्हणून कुंकू पत्र्याला.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं? इतक्या वर्षांत?
"तुले सांगून?" माय म्हणाली.
बरोबर आहे. पेटी उपसली होती मी. नखं खात उभ्या असलेल्या पोराला शिव्या दिल्या होत्या. त्या वेळी तो टाक त्याच्याच खिशात असणार. त्याला माझी भीती वाटत होती, माझ्या भावाला. लाज वाटते लिहायला.
मग मायनं विचारलं, "कागद निघाला का? नामा म्हणे, आत लिहून ठेवलं हाये."
मी कागद दिला. तिनं उलटासुलटा पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "तू मास्तर हायेस. वाच ना, काय म्हणते माहा नामा."
अक्षरं आपल्यासारखीच वरून टांगलेली, पण एकही ओळखीचं नाही. त्या म्हाताऱ्याचा मंत्र असणार, नामाचा यात एक शब्द नाही. सांगायला तोंड उघडलं.
वाचलं. नामाचं पत्र असल्यासारखं. देव जाणे कुठून आलं. (पाहा, काय लिहिलं मी.)

४ मार्च
रोज दिवा लागायच्या आधी कागद आणून देते. रोज तेच वाचावं लागतं. काल "थंडी" आधी घेतली की "घोंगडी", आठवेना, अडखळलो. म्हणून इथं उतरवून ठेवतो:
माय, मी बरा हावो. इथं थंडी लय हाये पण घोंगडी हाये. डोंगरावर बरफ रायते, कापसावानी दिसते. तुही मरीमाय माह्याजवळ होती तवर मले काही झालं नाही. आता थे मूर्तीत ठेवली, तुह्याजवळ येईल. दिवाळीले येतो.
दिवाळी म्हणायला नको होती. आता बदलता येत नाही.
टाक तिच्या पदराच्या गाठीत आहे. वस्तीत कोणाला ठाऊक नाही. ठराव अजून वहीत आहे, खाली माझी सही.

१२ मे
तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. चौकशी चालू आहे. चाचानं विचारलं, मेण केव्हा आणता. बोटांनी चेहरा करायला बसलो की नामाचा होतो, म्हणून थांबलो आहे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, होऊ द्या.

१५ जून
आज शाळेतून थकून आलो होतो. वही न पाहता वाचायला घेतलं. बरा हावो, थंडी, घोंगडी, बरफ, मरीमाय. दिवाळीपाशी आलो आणि तोंडातून निघून गेलं, "दादावर राग धरू नको माय."
माय तांदूळ निवडत होती. हात थांबला. माझ्याकडे पाहिलं तिनं.
"हे काल नव्हतं," म्हणाली.
मी कागदाची घडी घालायला लागलो. तिनं सूप मांडीवर नीट केलं आणि खाली पाहून खडे वेचायला लागली.
"पुढं वाच," म्हणाली.